दवंडीपासून नोटीस-बोर्डापर्यंत

रायपूरहून बोलतोय.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. गेल्या काही भागांत आपण रतनपूरचा किल्ला पाहिला, बिंबाजी भोसले पाहिले, नागपूरकरांच्या फौजा बंगालपर्यंत कशा धडकल्या ते पाहिलं. आणि आज मी बोलणार आहे कॉलनीच्या नोटीस-बोर्डावर. हो, तीच फाटकाजवळची काचेची पेटी, जिची चावी कोणाकडे आहे हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं. ‘रविवारी टाकी धुणार असल्याने सकाळी पाणी येणार नाही.’ ‘मेंटेनन्स दहा तारखेच्या आत भरावा.’ ‘गाड्या आपापल्या जागीच लावाव्यात.’ ‘वार्षिक सभेस सर्वांनी उपस्थित राहावे.’ खाली सचिवाची सही, बहुतेक वेळा न वाचता येणारी.

याला इतिहास आहे का? आहे, आणि चांगला सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. मुळापर्यंत गेलं तर त्याहून जुना. मी फौजेत आयुष्य काढलं. तिथे सकाळी रूटीन ऑर्डर निघायची, संध्याकाळी रोल कॉलला वाचून दाखवली जायची, की विषय संपला. ती कोणाच्या अधिकाराने निघाली हे कोणी विचारत नसे, कारण ते सगळ्यांना माहीत असे. निवृत्त होऊन कॉलनीत राहायला आलो, आणि पहिल्याच वार्षिक सभेत एका शेजाऱ्यांनी सचिवांना उभं राहून विचारलं, ‘‘हे आम्हाला सांगणारे तुम्ही कोण?’’ सभेत गोंधळ झाला. मला मात्र प्रश्न फार आवडला. शेजाऱ्याने शेजाऱ्याला नियम सांगायचा, तो कोणत्या अधिकाराने? आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे.

सुरुवात दवंडीपासून करू. आपल्यातल्या ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांनी दवंडी ऐकली असेल. हलगी किंवा डफ वाजवत माणूस यायचा, चौकात थांबायचा, ठराविक चालीत ओरडायचा आणि पुढच्या आळीला जायचा. शेतसारा भरा, अमुक दिवशी साहेब येणार आहेत, तमुकाची म्हैस हरवली आहे. म्हणजे सूचना, ताकीद आणि बातमी हे तिन्ही एकाच तोंडून. इथे छत्तीसगढमध्ये हे काम कोटवार करतो. महाराष्ट्रातल्या गावकामगार कोतवालाचा हा सख्खा भाऊ. इथल्या बोलीत त्याला हांका पारणं म्हणतात. ‘‘सुनव गा, काली बिहनिया तरिया पार म बइठका हे’’, ऐका हो, उद्या सकाळी तळ्याच्या काठावर बैठक आहे. धमतरी रस्त्यावरच्या एका गावात मी हे स्वतः ऐकलं आहे, आणि तेही मोबाइल घरोघर पोहोचल्यानंतर. कोटवार हे पद आजही कायद्यात आहे. १९५९ च्या भू-राजस्व संहितेत त्याच्या नेमणुकीची तरतूद आहे.

पण दवंडी देणारा माणूस कोण होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रात हे काम महार वतनदारांकडे होतं. गावाला निरोप सांगायचा, सरकारी कागद पुढच्या गावी पोहोचवायचा, वेशीवर राखण करायची, हद्दीच्या तंट्यात साक्ष द्यायची. साऱ्या गावाला ज्याच्या तोंडून बातमी कळायची, त्याला चावडीवर बसायची जागा नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच कामाच्या संदर्भात. वतन म्हणून मिळालेली तुटपुंजी जमीन, आणि तिच्या बदल्यात साऱ्या कुटुंबाने रात्रंदिवस राबायचं. हे वतन कायद्याने संपायला पुढे तीस वर्षं लागली. म्हणजे दवंडीचा अधिकार वरून येत होता, पाटलाकडून, कुलकर्ण्याकडून, सरकारातून. ऐकणाऱ्याला त्यात विचारलेलं नव्हतं आणि ओरडणाऱ्याला तर नव्हतंच.

शहरात हेच काम कोतवालाचं. पेशवाईतल्या पुण्यात कोतवाली होती, पेठांच्या चावड्या होत्या, गस्त होती. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी. सापडला तो सकाळपर्यंत अडकला. तेंडुलकरांच्या नाटकामुळे घाशीराम सावळदासचं नाव घराघरांत गेलं. तो १७७७ ते १७९१ पर्यंत पुण्याचा कोतवाल होता. शहरात स्वच्छता, वजन-मापं, रात्रीची शांतता या सगळ्याची काळजी त्याच्या खात्याने घ्यायची होती, आणि काही काळ ती घेतलीही गेली. पण १७९१ मध्ये कोंडून ठेवलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. ज्याला वरून नेमलं आहे आणि ज्याला खाली कोणी जाब विचारू शकत नाही, त्याला शेवटी जाब विचारला गेला तो असा.

आमच्या रायपूरलाही मराठी अंमल होताच. बिंबाजी १७८७ मध्ये गेले, आणि नागपूरहून सुभेदार नेमून कारभार चालू लागला. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने परगण्यांची घडी बसवली. परगण्याला कमाविसदार, फडणीस, बऱ्हारपांडे असे कामगार. १८१८ मध्ये इंग्रजांनी कारभार रतनपूरहून रायपूरला आणला. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा ही नावं मुंबई-पुण्याच्या मंडळींना वेगळी वाटतील. पारा म्हणजे आपली आळी. तात्यापारा हे नाव ऐकून कान टवकारले असतील, ते बरोबर आहे. इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नगरपालिका १८६७ मध्ये आली. तोपर्यंत पाऱ्याची बातमी देवळाच्या ओट्यावर आणि तळ्याच्या घाटावर कळायची. रायपूर हे तळ्यांचं शहर, त्यामुळे घाट म्हणजे इथला खरा वार्ताफलक.

आता येतो त्या ठिकाणी, जिथे ही गोष्ट वळण घेते. सप्टेंबर १८९६, मुंबईतला मांडवी भाग. प्लेग. पुढच्या काही महिन्यांत मुंबईतून लाखो माणसं गावाकडे निघाली. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा केला. अगदी छोटा कायदा, चार कलमांचा, पण सरकारला वाटेल ते करायची मुभा देणारा. मुंबईत घरांच्या भिंतींवर खुणा रंगवल्या जाऊ लागल्या. प्लेगचा रुग्ण सापडला की वर्तुळ आणि तारीख. राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोलीवर यू. एच. एच. ही तीन इंग्रजी अक्षरं. विचार करा, तुमच्या घराच्या दारावर तुमच्याविषयीची नोटीस, तुम्हाला न विचारता, तुम्हाला न वाचता येणाऱ्या लिपीत.

पुण्यात याहून वाईट झालं. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांनी घरझडतीला गोरे सैनिक लावले. माजघरात, देवघरात बूट घालून शिरणं, बायाबापड्यांना रस्त्यावर उभं करून तपासणं, सामान बाहेर काढून जाळणं. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत वाचलेलं आहे. मी सैनिक म्हणून या प्रकरणाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. रोग खरा होता. घरं तपासायला हवीच होती. पण परक्या वर्दीतला, भाषा न जाणणारा शिपाई हे काम करण्यासाठी सर्वांत चुकीचा माणूस. फौजेला शत्रूच्या ठाण्यात शिरायचं शिकवलेलं असतं, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात नाही. त्याच काळात जिथे जिथे वस्तीतल्या माणसांना बरोबर घेऊन काम झालं, तिथे लोकांनी दारं उघडली, हाही अनुभव नोंदलेला आहे. दोन्हीकडे सूचना तीच होती. फरक पडला तो सांगणाऱ्याने.

प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, दादर-माटुंग्याकडे नवे भूखंड आखायचे. गावदेवीची जमीनही अशीच नव्याने आखली गेली. आणि तिथे एका माणसाने असं काही केलं की ज्यासाठी आज भारतातल्या प्रत्येक सोसायटीच्या सचिवाने त्याचा फोटो ऑफिसात लावायला हरकत नाही. त्यांचं नाव श्रीपाद सुब्राव तालमकी. कारवार-कानड्याकडून मुंबईत नोकरीला आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजातले. कोकणी बोलणारी, कारकुनीवर पोट भरणारी ही माणसं चाळींत भाड्याने राहत, आणि घरमालक सांगेल ते ऐकत. तालमकींनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली होती, जी आज एसव्हीसी बँक म्हणून ओळखली जाते. मग त्यांनी विचार केला की कर्जासाठी माणसं एकत्र येतात तर घरासाठी का येऊ नयेत?

पण कायदा आड येत होता. १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ मध्ये दुसरा कायदा आला आणि इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या. २८ मार्च १९१५ ला गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. मुंबईतली पहिली, आणि देशातल्या अगदी पहिल्या मोजक्यांपैकी एक. कल्पना इंग्लंडमधल्या भाडेकरू-भागीदारीवरून घेतलेली. लंडनजवळ ईलिंगला १९०१ मध्ये कामगारांनी अशी संस्था काढली होती.

ही व्यवस्था कशी चालते ते नीट समजून घ्या, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. सभासद शेअर घेतो. संस्था कर्ज काढते, जमीन भाडेपट्ट्याने घेते, इमारत बांधते. सभासद त्याच इमारतीत राहतो आणि संस्थेला भाडं देतो. म्हणजे भाडेकरूही तोच आणि मालकही तोच, फक्त एकटा नाही, सगळ्यांबरोबर मिळून. वर्षातून एकदा सगळे एका खोलीत बसतात, हिशेब वाचतात, कमिटी निवडतात. शेअर कितीही असोत, मत एकच. आता त्या कमिटीचा सचिव जिन्याखाली कागद लावतो की गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत. हा कागद पाटलाचा नाही, कोतवालाचा नाही, रँडचा नाही, घरमालकाचाही नाही. वाचणाऱ्यानेच, सभेत हात वर करून, तो लिहिण्याचा अधिकार दिलेला आहे. पुढच्या वर्षी तो अधिकार काढूनही घेता येतो. दवंडीची नोटीस झाली ती इथे.

आणि आता जरा आमच्या गावाची फुशारकी. १९१५ मध्ये गावदेवीत हे होत होतं, त्याच्या दोन वर्षं आधी, १९१३ मध्ये, रायपूरला सहकारी सेंट्रल बँक उभी राहिली होती. तिच्यामागे होते वामनराव बळीराम लाखे. १८७२ चा जन्म, रायपूरचेच, पेशाने वकील. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, त्याचे प्रकाशक हेच लाखे. सप्रे, लाखे आणि संपादनात सप्र्यांच्या जोडीला असलेले रामराव चिंचोलकर, तिघेही मराठी, आणि छत्तीसगढच्या हिंदी पत्रकारितेची सुरुवात यांच्या हातून झाली. मासिक तीन वर्षांत पैशाअभावी बंद पडलं. मला वाटतं लाखे तिथेच शिकले की चांगलं काम भांडवलाशिवाय टिकत नाही, आणि भांडवल सावकाराकडे मागायचं नसेल तर ते थेंबाथेंबाने एकमेकांकडूनच जमवावं लागतं. हा माझा तर्क आहे, पण पुढचं आयुष्य त्यांनी सहकारातच घातलं एवढं खरं. सरकारने रावसाहेबीसारखी ‘रायसाहेब’ पदवी दिली होती, ती असहकाराच्या काळात परत केली. १९४८ मध्ये ते गेले. आज रायपुरात लाखेनगर आहे. तिथल्या किती जणांना हे लाखे कोण ते ठाऊक आहे? एकदा रिक्षावाल्याला विचारलं, तर म्हणाला, ‘‘कोई बडे सेठ रहे होंगे.’’ मी त्याला वाटेत सगळी गोष्ट सांगितली. भाडं त्याने कमी केलं नाही, पण उतरताना राम-राम मात्र केला.

एवढं सगळं छान छान सांगून मी थांबलो असतो तर ते खोटं ठरलं असतं. सारस्वत सोसायटी सारस्वतांची होती. तेव्हाची बहुतेक घरं अशीच उभी राहिली. जातभाईंनी जातभाईंवर विश्वास टाकून. दादर पारशी कॉलनीत मंचरजी जोशींनी ट्रस्टकडून १०३ भूखंड पारशी मध्यमवर्गासाठी राखून घेतले. शेजारी हिंदू कॉलनी वसली. एकमेकांना ओळखणारी माणसं कर्ज बुडवत नाहीत, हा त्यामागचा व्यवहार मला समजतो. पण ज्याची जात कोणाच्याच यादीत नाही त्याने कुठे जायचं? गावदेवीची सोसायटी नोंदली गेली त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोद्याला नोकरीसाठी पोहोचले. अख्ख्या शहरात घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत खोटं नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं जिन्यावर आली आणि सामानासकट बाहेर काढलं. त्यांनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. हेच आंबेडकर पुढे १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहायला गेले, आपल्या पुस्तकांसाठी खास आखून घेतलेल्या घरात.

हा प्रश्न अजून मिटलेला नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी संस्थेला करता येतो. कायदा म्हणून तो निकाल मी मानतो. माणूस म्हणून मला तो पटत नाही. माझ्या तुकडीत शीख, डोगरा, मराठा, नागा एका तंबूत झोपायचे. निवृत्तीनंतर घर शोधताना त्याच माणसाला आडनाव विचारलं जातं, आणि विचारणारा वर म्हणतो, ‘‘आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीचा नियम आहे.’’

स्वातंत्र्यानंतरचा कायद्याचा प्रवास भराभर सांगतो, कारण तो रुक्ष आहे. महाराष्ट्रात १९६० चा सहकारी संस्था कायदा, १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, मग आदर्श उपविधी. महाराष्ट्रातल्या त्या उपविधींप्रमाणे वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते, विशेष सभेची पाच दिवस आधी. थकबाकीवर वर्षाला एकवीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. चौदा दिवस कशाला, असं कोणी म्हणेल. हिशेब वाचायला, शेजाऱ्याशी बोलायला, प्रश्न तयार करायला. फाटकावर आदल्या रात्री कागद लावून सकाळी सभा घेणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. तो कागद नियमात बसवायचा म्हणून लावलेला असतो, कोणी वाचावा म्हणून नाही. छत्तीसगढला मध्य प्रदेशाकडून आलेला १९६० चाच पण वेगळा सहकारी कायदा आहे. २०११ च्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था काढण्याचा हक्क कलम १९ मध्ये, म्हणजे भाषणस्वातंत्र्याच्या शेजारी जाऊन बसला. आणि २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरवर बंधन घातलं की निम्म्याहून अधिक घरांचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत रहिवाशांची संघटना उभी करायला मदत करायची. स्थानिक कायदा काही वेगळं सांगत असेल तर ते लागू, पण काही सांगत नसेल तर हे तीन महिने.

नियम पाळले जातात का? आमच्या कॉलनीत आम्हाला हस्तांतरणाची कागदपत्रं मिळवायला वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. बिल्डरचं नाव घेत नाही. असे बिल्डर गावोगाव आहेत. त्या काळात बोर्डावर नोटीस लागायची ती त्याच्या मॅनेजरच्या सहीची. पाणी अमुक वेळेलाच, गच्ची बंद, मेंटेनन्स वाढवला आहे. आम्ही सगळे घराचे मालक, पण बोर्डापुरते १९१५ च्या आधीच्या चाळीतले भाडेकरू. संघटना नोंदली गेल्यावर पहिली नोटीस आमच्या सचिवांनी हाताने लिहिली. एका निवृत्त शाळामास्तरांचं अक्षर ते. मजकूर साधाच होता, पावसाळ्याआधी नाले साफ करण्याबद्दल. लोक थांबून थांबून वाचत होते.

पण सही बदलली म्हणून सगळं बदलतं असंही नाही. काही वर्षांनी आलेल्या एका कमिटीने थकबाकीदारांची यादी बोर्डावर लावली, घर क्रमांक, नाव, रक्कम. यादीत एक घर होतं जिथले गृहस्थ दोन महिने आयसीयूत होते. त्यांच्या पत्नी रोज संध्याकाळी डबा घेऊन त्याच फाटकातून जायच्या. चौथ्या दिवशी शेजारच्या तीन घरांनी मिळून त्यांची रक्कम भरली आणि मग कमिटीला सांगितलं की यादी काढा, नाहीतर आम्ही विशेष सभा मागतो. यादी उतरली. पुढच्या सभेत ठराव झाला की थकबाकीची आठवण बंद पाकिटातून, आणि आधी एकदा दारावर जाऊन. तो ठराव अजून चालू आहे. वसुली कमी झाली नाही, खजिनदारांचे आकडे मी पाहिले आहेत.

मग २०२० आलं. मार्चमध्ये देशभर कोणता कायदा लावला? तोच, १८९७ चा, रँडच्या काळातला. एकशे तेवीस वर्षांनी. सरकारी नियम होतेच, पण देशभर सोसायट्यांनी आपल्या पदरचे नियम जोडले. पाहुणे बंद, पेपर बंद, घरकाम करणाऱ्या बायका बंद. सुरुवातीचे काही आठवडे ते समजण्यासारखं होतं. पण सरकारने परवानगी दिल्यानंतरही अनेक ठिकाणी त्या नोटिसा उतरल्या नाहीत. ज्या बाईने दहा वर्षं तुमच्या घराची किल्ली सांभाळली, तिला फाटकावर थांबवून तिच्या हातावर फवारा मारायचा, आणि परदेशातून आलेल्या मुलाच्या गाडीला मात्र चौकीदाराने सलाम ठोकायचा. हेही मी पाहिलं. आजही कित्येक ठिकाणी लिफ्टजवळ पाटी असते की कामवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये.

इथे माझी गाडी अडते. वाचणाऱ्याच्या संमतीने नोटीस निघते, हे मी मघाशी गावदेवीच्या गोष्टीत सांगितलं. पण ही लिफ्टची पाटी वाचणारी बाई त्या सभेत नव्हती. चौकीदार नव्हता, माळी नव्हता, टाकी धुणारा नव्हता. त्यांच्यापुरती ती पाटी म्हणजे पुन्हा दवंडीच. छत्तीसगढच्या गावांत पौनी-पसारी म्हणतात, आपल्याकडे बलुतं म्हणत. धोबी, न्हावी, लोहार गावाचं काम करायचे, त्यांचा धान्यातला वाटा ठरलेला असायचा. ती व्यवस्था जातीवर उभी होती आणि मोडली ते चांगलं झालं. पण तिच्यात निदान कोणाचं किती देणं लागतो हे साऱ्या गावाला तोंडपाठ होतं. आमच्या कॉलनीच्या सभेत आता एक विषय कायम ठेवलेला आहे: फाटकावरची माणसं आणि घरकामाला येणाऱ्या बायका यांच्यापैकी ज्यांना काही सांगायचं आहे त्यांना सभेच्या सुरुवातीला अर्धा तास. मत नाही, कारण कायद्याने देता येत नाही. पहिल्या वर्षी कोणीच आलं नाही. दुसऱ्या वर्षी दोघी आल्या आणि त्यांनी एकच मागितलं, उन्हाळ्यात फाटकाजवळ पाण्याचा माठ आणि बसायला बाक. रायपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. पारा पंचेचाळीसला टेकतो. तिसऱ्या वर्षी विषय निघाला संडासाचा. चौकीदारांसाठी आहे, बायकांसाठी नाही. तो खर्चाचा विषय आहे, जागेचा वाद आहे, आणि यंदाच्या सप्टेंबरच्या सभेत तो मतदानाला येतोय. काही जणांचा विरोध आहे. माझं मत मी आधीच लिहून दिलं आहे.

पुढच्या भागात आपण तात्यापाऱ्यात फिरू आणि सप्रे-लाखे यांच्या काळातलं रायपूर पाहू. तोपर्यंत जय हिंद.